ओसाडीत वस्ती करण्याआधी

1951 सालच्या अखेरीस इस्रायलमधल्या बीरशेबा गावातून मराठी बोलणारी काही कुटुंबे तेल अवीवला आली आणि ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे ठाण मांडून बसली. देशोदेशींच्या ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवायचे काम ही एजन्सी करत असे. या लोकांची मागणी मात्र उलटी होती: आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा. ही माणसे म्हणजे बेने इस्रायल, आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले 'शनिवार तेली'. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे. पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवलेले हे लोक पुढे मुंबईत रेल्वे, पलटण, इस्पितळे आणि सरकारी कचेऱ्यांत नोकऱ्यांना लागले. इस्रायल राष्ट्र झाल्यावर धर्माच्या ओढीने निघाले आणि नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी जाऊन पडले. 1952 साली त्यांच्यातल्या काहींना खरोखरच भारतात परत आणावे लागले.

त्यांच्या तक्रारी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ऊन, वाळू, पाण्याची टंचाई यांना त्यात फारशी जागा नाही. शिक्षणाला न शोभणारी अंगमेहनतीची कामे, इतरांपेक्षा हलकी घरे, रंगावरून टोमणे आणि रोजच्या पावातही भेदभाव, असा त्यांचा पाढा आहे. बाकीच्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, ही त्या काळची तक्रार बेने इस्रायल घरांत अजून सांगितली जाते.

गोष्ट तिथे संपली नाही. परत आलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जायची खटपट केली. पुढच्या वीसेक वर्षांत कोकणातले आणि मुंबईतले हजारो बेने इस्रायल तिकडेच गेले. आज दिमोना, बीरशेबा, येरुहाम या नेगेवमधल्या गावांत त्यांच्या नातवंडा-पतवंडांचे संसार आहेत. वाळवंट तेच होते, पाऊसही तेवढाच होता. बदलले ते बाकीचे सगळे, आणि त्या बाकीच्याचा विचार वस्ती करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून करावा, एवढेच सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्यात पाणी, घर, मैला, जमीन, मजुरी हे सगळे येईल. पण प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच राहील: इथे राहणाऱ्याला कोणी काही विचारले होते का?

असे पुस्तक मराठीत कोणाला लागणार, ही शंका रास्त आहे. कच्छच्या रणाकाठी खावड्याला सूर्य आणि वारा यांपासून वीज करणारा अवाढव्य प्रकल्प उभा राहतो आहे. राजस्थानात भाडल्याला सोलर पार्क झाला. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने राहणारे फिटर, वेल्डर, सर्वेअर, आचारी यांत आपली माणसे आहेत. आखातात तर ती पन्नास वर्षांपासून आहेत. शिवाय चार मित्र मिळून स्वस्तात मिळते म्हणून दूरची माळरानाची जमीन घेतात आणि तिथे शेती, शाळा, आश्रम किंवा नुसतेच निवांत राहणे असे काही करू म्हणतात. उत्साह दांडगा असतो. पहिल्या उन्हाळ्यात निम्मे गळतात, दुसऱ्या उन्हाळ्यात गेटला कुलूप लागते. या सगळ्यांसाठी ही टिपणे आहेत.

आता मी कतारगामला राहून वाळवंटाच्या गप्पा कशा मारतो, तेही सांगायला हवे. कतारगाम तापीकाठचे. इथली पापडी अख्ख्या सुरतेच्या उंधियूत मानाने पडायची. आता पापडीच्या वावरांवर हिरे घासायच्या घंट्या फिरतात. पण या घंट्यांवर बसलेली माणसे बघा. त्यातली कितीतरी अमरेली-भावनगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेली. वेड रोडवर, आणि पलीकडे उधना-लिंबायतला, आमचे खानदेशी. 1972 च्या दुष्काळाने ज्यांची गुरेढोरे आणि घरदार मोडले, त्यांतल्या कित्येकांनी सुरतेची गाडी धरली. म्हणजे ही वस्तीच कोरड्या मुलखातून उठून आलेल्यांनी केलेली आहे. ती कोणा एजन्सीने केली नाही, कोणी नकाशा काढला नाही. त्यामुळे वस्ती कशी धरते आणि कुठे सडते, हे दोन्ही इथे डोळ्यांदेखत बघायला मिळते.

इथली रीत साधी आहे. आधी गावातला एक जण येतो. ओळखीच्याच्या खोलीत पथारी टाकतो, घंटीवर किंवा लूमवर हात बसवतो, पगाराची खात्री झाली की भावाला बोलावतो, मग साडू, मग गल्लीतले दोन पोरगे. बायका-मुले येतात ती खोली, पाणी आणि शाळा यांची सोय लागल्यावर. तोवर गावचे घर मोडायचे नाही, शेत विकायचे नाही. ही सावध चाल कोणी शिकवलेली नाही, पण वाळवंटात जाणाऱ्याने ती गिरवावी. सगळा कबिला घेऊन एकदम जाणारे सहसा कर्ज घेऊन परततात.

वाळवंटातही शहाण्यांनी हेच केले आहे. 1943 साली ज्यूंनी नेगेवमध्ये ग्वुलोत, रेविविम आणि बेत एशेल अशी तीन ठाणी बसवली, ती गावे म्हणून नव्हेत, निरीक्षणासाठी. मोजकी माणसे तिथे राहून पाऊस मोजत, माती तपासत, काय उगवते ते पाहत. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर 1946 मध्ये, एका रात्रीत अकरा वसाहती उभ्या केल्या. त्यामागे राजकारण होते, घाई होती, हे खरे. पण घाई करणाऱ्यांनीही आधी तीन वर्षे आकडे गोळा केले होते. आपण मात्र दिवाळीच्या सुट्टीत जमीन पाहायला जातो, हवा छान असते, आणि येताना बयाणा देऊन येतो.

पाण्याचा हिशेब पुस्तकात सविस्तर आहे. इथे फक्त त्याची रीत दाखवतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सुरतेला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जैसलमेरकडे दोनशेच्या आत. समजा तुमच्या जागी वर्षाला 150 मिलिमीटर पडतो आणि घराचे छप्पर 100 चौरस मीटरचे आहे. कागदावर 15,000 लिटर झाले. पहिल्या सरीत धूळ आणि पाखरांची घाण धुऊन जाऊ द्यायची, थोडे उडून जाते, थोडे सांडते. हाती 12,000 लिटर धरा. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरले तर वर्षाला 9,125 लिटर लागतात. म्हणजे वाळवंटातही एका कुटुंबाच्या पोटापुरते पाणी छपरावर पडते. अट एवढीच की ते साठवायला पक्की, झाकलेली टाकी हवी आणि एक पाऊस हुकला तरी पुरेल एवढी ती मोठी हवी. मारवाडातले लोक शतकानुशतके अंगणाला उतार देऊन त्याखाली टांके बांधत आले ते याच हिशेबाने. धुणे, अंघोळ, जनावरे, झाडे यांचे पाणी मात्र छपरावरून येत नाही. ते कुठून आणि काय भावाने येणार, हे कागदावर मांडता आले नाही तर पुढे जाऊ नका.

शेतीचा हिशेब याच्याच पुढचा. नेगेवमध्ये अवदात नावाचे नबाती लोकांचे जुने शहर आहे. तिथे वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तिथे शेती होत होती. मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या शेवटी तिथले जुने शेत पुन्हा उभे केले आणि त्यामागची युक्ती दाखवून दिली. टेकड्यांच्या उघड्या उतारावर पडलेले पाणी दगडी चाऱ्यांनी वळवून खालच्या लहानशा वाफ्यात सोडायचे. एक एकर पिकवायला वीस-तीस एकर उताराचे पाणी लागे. जैसलमेरच्या बाजूला पालीवालांनी बांधलेल्या खडीनांचे, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या शेतांचे, तत्त्वही तेच. यातून नव्या माणसाने घ्यायचा धडा असा: वाळवंटात शंभर एकर घेतले म्हणजे शंभर एकर शेती होत नाही. तीन ते पाच एकर होते, आणि बाकीची जमीन तेवढ्यासाठी पाणी गोळा करते. ती बाकीची नांगरली की दोन्ही गेले.

बोअरच्या पाण्याबद्दल सावध राहा. पाणी लागले म्हणून नारळ फोडण्याआधी ते तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेले की आज काही कळत नाही. पुढे पोरांच्या दातांवर दिसते आणि मग हाडांत उतरते. नमुना घ्यायचा तो मे महिन्यात. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना नवऱ्या मुलीच्या फोटोसारखा असतो, सगळ्यात चांगल्या उजेडातला.

खारी जमीन ही दुसरी पीडा. त्या अकरा वसाहतींतल्या हात्झेरिममध्ये जमिनीत क्षार इतके होते की गाव सोडावे का यावर तिथल्यांनी बसून चर्चा केली. राहायचे ठरले, मग भरपूर पाणी देऊन माती धुवायची, असे कंटाळवाणे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. पुढे 1965 साली त्याच गावात ठिबक सिंचनाचा कारखाना निघाला आणि तो तंत्राच्या जोरावर जगभर गेला. आमच्या खानदेशात जळगावच्या जैन कंपनीने ठिबक केळीच्या बागांत घरोघर नेले, तेव्हा त्याची जुनी सोयरीक अशी एका खाऱ्या वावराशी होती. पण ठिबकने क्षार जात नाहीत, हेही लिहून ठेवतो. ओल्या वर्तुळाच्या कडेला ते साचत राहतात. अधूनमधून पाणी जास्त देऊन ते खाली धुऊन काढावे लागतात, आणि खाली निचरा नसेल तर तेच पाणी पुन्हा मुळांशी येते. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या काठी पाणी आल्यावर काही भागांत जमीन चिबड झाली, ती निचऱ्याचा विचार मागे पडल्यामुळे.

पाणी आणण्याचे कौतुक सगळे करतात, वापरलेले पाणी घालवण्याचे कोणी करत नाही. कतारगामने याची किंमत मोजली आहे. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरली तेव्हा पहिले रुग्ण वेड रोडच्या बाजूला सापडले. पूर येऊन गेला होता, नाले तुंबले होते, कचरा उचललेला नव्हता, आणि दाटीवाटीच्या खोल्यांत बाहेरगावचे कामगार राहत होते. काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. पाणी होते, काम होते, पैसा होता. वस्ती रिकामी व्हायला घाण पुरली. 1995 नंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात सफाईची जी शिस्त लागली तिचे नाव देशभर झाले. वाळवंटात ऊन सगळे निर्जंतुक करते असा एक गोड समज आहे. पन्नास माणसांच्या कॅम्पमध्ये संडास कुठे आणि विहीर कुठे, वारा कुठून येतो, खरकटे कोण उचलतो, हे तंबू ठोकण्याआधी ठरले नसेल तर महिन्याभरात अर्धा कॅम्प हगवणीने आडवा होतो.

शिवाय ओसाडीत सांडपाणी ही फेकायची वस्तू नसते. इस्रायल आपल्या सांडपाण्याचा फार मोठा भाग शुद्ध करून शेतीला देतो. सुरत महापालिकासुद्धा बामरोलीच्या केंद्रात सांडपाण्यावर प्रक्रिया करून पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना ते विकते. दहा घरांच्या वस्तीला एवढी यंत्रे नकोत. अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी संडासाच्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या चारीने काढले, तरी एक लिंबाचे झाड आणि परसातली भाजी जगते. हे वेगळेपण भिंती उठण्याआधीच करता येते. नंतर फरशी उखडावी लागते आणि ती कोणी उखडत नाही.

घराबद्दल एकच सांगतो: गावाकडचा बंगला डोक्यातून काढा. नेगेवमधल्या सुरुवातीच्या सरकारी वसाहती युरोपातल्या बागेच्या शहरांसारख्या आखल्या होत्या. दोन इमारतींमध्ये ऐसपैस मोकळी जागा, मध्ये हिरवळ. हिरवळीला पाणी कुठले? त्या मोकळ्या जागांत धूळ उडत राहिली आणि एका घरातून दुसऱ्या घरी भर उन्हात तंगडतोड करावी लागली. तिथल्या नगररचनाकारांना हे पुढे उमगले आणि नंतरच्या आखणीत घरे एकमेकांना चिकटली, अंगणे आत गेली, वाटा अरुंद आणि सावलीच्या झाल्या. जैसलमेरचा सोनार किल्ला किंवा कुठलेही जुने वाळवंटी गाव पाहिले असते तर हे फुकट कळले असते. कच्छचे भुंगे घ्या. मातीच्या जाड भिंती, गोल घाट, वर गवताचे छप्पर, लहान खिडक्या. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात सिमेंटची घरे कोसळली तिथे चांगले बांधलेले भुंगे उभे राहिले. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून बांधा, मग वाटल्यास इंजिनिअरला दाखवा.

म्हाताऱ्यांचा विषय निघाला म्हणून जमिनीकडे येतो. ओसाड दिसते ती जमीन रिकामी असते, हा गैरसमज वस्ती करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. नेगेवही रिकामे नव्हते. बेदुइन टोळ्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारत आणि पाऊस झाला तर जव-गहू पेरत. बीरशेबा हे तुर्कांच्या अमलात 1900 साली वसवलेले अरब गाव होते, आणि 1948 च्या लढाईत तिथले रहिवासी गावाबाहेर गेले ते परतू शकले नाहीत. आपले बेने इस्रायल जिथे जाऊन उतरले त्या जागेला असा आदला इतिहास होता, आणि जमिनीच्या मालकीचा तो वाद नेगेवमध्ये आजही कोर्टात आणि रस्त्यावर चालू आहे. आपल्याकडे पाहा. कच्छच्या बन्नीत मालधारी पशुपालक म्हशी चारतात. सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन बहुधा कुणाचे तरी गायरान असते, कुणाच्या तरी मेंढ्यांची वाट असते, नाहीतर पाणवठ्याचे पाणलोट असते. सातबारा बघाच, शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात आणि गुजरातेत मुळात शेतकरी असल्याचा दाखला लागतो आणि घरे बांधायला बिनशेतीचे नियम पाहावे लागतात. पण सातबाऱ्यावर मेंढ्या लिहिलेल्या नसतात. त्यासाठी पारावर जाऊन बसावे लागते. ज्याची वाट तुम्ही कुंपण घालून अडवाल, त्यालाच उद्या विहीर आटल्यावर पाणी मागायला जावे लागेल.

काम नसेल तर वस्ती धर्मशाळा होते. दिमोना 1955 साली वसले. तिथे कितान नावाची कापडगिरणी निघाली आणि पलीकडे मृत समुद्राच्या काठावर क्षार काढायचे कारखाने होते. गिरणीचा भोंगा ज्यांच्या कानांत लहानपणापासून होता अशा मुंबईकरांना यंत्रमागाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. कामाला ओळखीचा हात लागला की परक्या मुलखाशी अर्धी गाठ पडते. उलट बाजूही खरी आहे: एका गिरणीवर उभे राहिलेले गाव गिरणी बंद पडली की लंगडते, आणि दिमोनातली गिरणीही पुढे बंद पडली. म्हणून निदान दोन वेगळे धंदे असल्याशिवाय मुलांच्या शाळेचे नाव तिथे घालू नका.

नुसती इमारत उभारून माणसे येत नाहीत, हे कतारगामकरांना वेगळे सांगायला नको. सुरतेच्या दुसऱ्या टोकाला खजोदला हिरेबाजाराची टोलेजंग इमारत बांधली, चार हजारांहून अधिक कार्यालयांची. डिसेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पण व्यापारी लगेच बिऱ्हाड हलवून तिकडे गेले नाहीत. ज्याचा कारीगर कतारगामला, दलाल महिधरपुऱ्याला आणि गिऱ्हाईक मुंबईला, तो एका देखण्या कार्यालयासाठी ही साखळी तोडत नाही. शहराच्या पोटात जर हे असे, तर तीनशे किलोमीटरवरच्या माळरानाचे काय!

यानंतर येतो तो विषय ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. दिमोनाची पहिली कुटुंबे मोरोक्कोतून आली होती. बोटीतून उतरवून त्यांना ट्रकांत घातले आणि वाळवंटात आणून सोडले. कुठे नेत आहेत याची नीट कल्पना नसलेल्या त्या लोकांनी ट्रकमधून उतरायलाच नकार दिला. सरकारने घरे, पाणी, रेशन यांची तयारी केली होती. विचारणे तेवढे राहून गेले. सात वर्षांनी अराद वसवताना मात्र लोवा एलियाव्ह यांच्या हाताखालच्या आखणी करणाऱ्यांनी आधी त्याच जागी मुक्काम टाकला, वारा आणि ऊन अंगावर घेतले, आणि येणारे लोक स्वतःहून आले. दोन्ही गावे एकाच वाळवंटातली, पण अरादच्या नशिबी ट्रकमधून न उतरणारी माणसे आली नाहीत.

बेने इस्रायलांच्या बाबतीत तर ही गोष्ट दोनदा घडली. 1951 ला घर, काम आणि पावासाठी ते बसले. 1962 च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत अशा अटी घातल्या की त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका उभी राहिली. मग पुन्हा मोर्चे, पुन्हा ठिय्या. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. त्यानंतरच तिथे आपले पाय टेकले असे त्यांच्यातले बरेच जण मानतात. ज्या जमिनीवर तुम्ही घाम गाळता तिथे तुम्ही पाहुणे की घरचे, याचा निकाल लागेपर्यंत कोणी झाड लावत नाही.

म्हणून वस्तीचा पहिला ठराव सभेचा असावा, असा माझा आग्रह आहे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी बसायचे. आचारी आणि वॉचमनसुद्धा त्यात बसतील. पाण्याच्या टाकीची पातळी, पैशाची शिल्लक आणि कोणाची काय तक्रार, या तीन गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायच्या. टाकीची किल्ली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे. ज्याला परत जायचे आहे त्याचे गाडीभाडे आधीच बाजूला काढून ठेवलेले असावे आणि ते मागताना कोणाला मान खाली घालावी लागू नये. परतीचा रस्ता खुला असला की माणूस राहायचे की नाही हे रागाच्या भरात ठरवत नाही.

उरले ते जेवण आणि सणवार. चैनीचे म्हणून यांना शेवटच्या पानावर टाकायची पद्धत आहे. पण ज्याने कोकणात जन्मभर भात-मासे खाल्ले त्याला रेशनच्या टंचाईत पाव आणि मोजकेच पदार्थ पुढे केले की त्याचे मन पहिल्याच आठवड्यात घरी परतते. दिमोनात पुढे भारतीय किराणा दुकाने निघाली, मसाले आणि मिठाया मिळू लागल्या, मैदानावर क्रिकेट रंगू लागले. घरात शुभकार्य निघाले की एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ, गूळ आणि फळांचा मलिदा होतो, अलिबागला व्हायचा तसाच. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले आणि एक मे रोजी महाराष्ट्र दिनही साजरा होतो. आखातातल्या महाराष्ट्र मंडळांचा गणपती हीच गोष्ट सांगतो. तेव्हा सामानाची यादी करताना पंप आणि पाइपांच्या खाली तांदूळ, गोडा मसाला, ढोलकी आणि एखादे मासिक यांनाही ओळ द्या. वजन फार होत नाही.

पुस्तकाची प्रकरणे मी वेगळ्या क्रमाने लावली आहेत: आधी कोण जाणार आणि कोणाला विचारून, मग जमीन आणि तिच्यावर आधीपासून असलेली माणसे, मग पाणी, मैला, घर, काम आणि शेवटी यंत्रे. बहुतेक पुस्तिका यंत्रांपासून सुरू होतात, कारण यंत्रे विकत मिळतात. उन्हापासून जीव सांभाळण्याचे टिपण वेगळे जोडले आहे. नव्या माणसाच्या अंगाला उष्णता झेपायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर त्याला पूर्ण पाळी देऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. आपल्या वस्तीवर कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

हे वाचून कोणी जायचा बेत रद्द केला तर मला वाईट वाटणार नाही; वाचलेले पैसे त्याच्या मुलांच्या उपयोगी पडतील. ज्याला जायचेच आहे त्याला एकच विनंती. मे महिन्यात त्या जागी पंधरा दिवस राहून या. हॉटेलात नको, तंबूत राहा, आणि ज्यांना सोबत नेणार आहात त्यांतल्या सगळ्यात कुरकुऱ्या माणसाला बरोबर घ्या. तो जे जे म्हणेल ते वहीत उतरवा. मग पहिले प्रकरण उघडा.

कतारगाम, सुरत